बारा-तेराचा पाना

रस्त्यात गाडी बंद पडली आणि कुणीतरी बॉनेट उघडलं, की आपल्याकडे पाच मिनिटांत तिथं एक लहानशी सभा भरते. गंगाखेडहून राणीसावरगावला येणाऱ्या रस्त्यावर मी अशा कितीतरी सभांना हजर राहिलो आहे. काळी-पिवळी जीप कडेच्या लिंबाखाली थांबलेली असते. उतारू धोतराचा सोगा, पदराचं टोक, वर्तमानपत्राची घडी, जे हाती लागेल त्यानं वारा घेत उभे असतात आणि पुरुषमंडळींतले चार-सहा जण इंजिनावर ओणवे होऊन आत बघत असतात. नुसते बघत असतात. कुणी मागं हात बांधून बघतो, कुणी चष्मा कपाळावर चढवून, कुणी एक डोळा बारीक करून. दिसत कुणालाच काही नसतं, पण बघितल्याशिवाय पाय निघत नाही. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर त्याच्या खाटेशी जरा वेळ बसावं लागतं, तशातलाच हा रिवाज. शेवटी एखादा जाणता माणूस "बॅटरी असंल" असं पुटपुटतो आणि सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. निदान झालं, आता तंबाखूची पिशवी काढायला हरकत नाही.

इतक्या डोळ्यांनी इतका वेळ आत पाहून एखादी गाडी सुरू झाल्याचं मला आठवत नाही. त्यात डोळ्यांचा काही दोष नाही. मोटारीचं इंजिन ही चीज मुळात बघण्यासाठी केलेलीच नाही. पिस्टन खालीवर होतो तो बंद सिलिंडरात, व्हॉल्व्ह उघडमीट करतात ते झाकणाखाली, दातेरी चाकं एकमेकांत गुंततात ती तेलात बुडून. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर त्यात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. जन्मभर मोटारीतून हिंडलेल्या माणसानंसुद्धा धावत्या गाडीतली त्यातली एक ठिणगी पाहिलेली नसते. आत उजेड पोचलाच, तर इंजिनाला भोक पडलं असं समजावं. म्हणजे खाली सगळा कारभार काळोखात आणि वरून डोकावणारे आम्ही डोळस. ही गंमत माझ्या ध्यानात आणून दिली ती आमच्या गावच्या उस्तादांनी, आणि तीही न सांगता.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, तिच्यापुढं तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली जमीन आणि मागच्या भिंतीला खिळे ठोकलेली एक फळी. फळीवर पाने आपापल्या खिळ्याला टांगलेले. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, त्यापुढं रिंगपाने, मग पकडी, आणि शेवटी घरातल्या अविवाहित काकासारखा एकटाच लोंबणारा पोपटपाना. माझे वडील शाळेत मास्तर. त्यांच्याकडे एक जुनी फियाट होती आणि तिला चालण्यापेक्षा उस्तादांच्या दारात उभं राहण्याची ओढ अधिक होती. त्यामुळे माझ्या कितीतरी सुट्ट्या त्या शेडमध्ये, आडव्या टाकलेल्या टायरवर बसून गेल्या. त्या टायरवरून मी पाहिलं, की उस्ताद काम करताना कामाकडे कधीच बघत नाहीत. उजवा हात कोपरापर्यंत इंजिनात, गाल मडगार्डला टेकलेला आणि नजर रस्त्यावर. गंगाखेडची एसटी आली का, कोण उतरलं, कुणाच्या हातात नवी सुटकेस आहे, याची नोंद डोळे घेत असत. हाताचं आत आपलं वेगळंच चाललेलं असे.

जीपचा सेल्फ काढायचा, तर त्याचा वरचा बोल्ट अशा बेचक्यात असतो, की तिथं डोळा न्यायचा तर मान काढून हातात धरावी लागेल. उस्तादांचा हात तिथं पोस्टमननं ओळखीच्या वाड्यात शिरावं तसा शिरायचा. वाटेत काय लागतं, कुठं वाकायचं, कुठला पाइप तापलेला, सगळं पाठ. बोल्ट परत बसवताना मात्र ते एक गोष्ट हटकून करत. आधी तो चिमटीत धरून हलक्या हातानं उलटा फिरवायचा. सोडताना फिरवतात तसा. फिरता फिरता एका जागी तो केसभर खाली बसतो. आवाज होत नाही, नुसतं बोटाला कळतं. तिथं आट्याचं तोंड असतं. मग सुलटा फिरवला की बोल्ट मुकाट्यानं सरळ आत जातो. एवढं न करता जो घाईनं पाना लावतो, त्याचा बोल्ट तिरपा घुसतो, आटे जातात आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. "कळलं का रं?" ते विचारत. मी वाकून बघू लागलो की म्हणत, "काय बघायलास मास्तरच्या पोरा? बघून बोल्ट बसत असता तर म्या हात कशाला काळे केले असते?"

अशा माणसाचे डोळे जाऊ लागले, तर ते गावाला कळावं कसं? कळलं नाही. काचबिंदूची खोडच अशी, की तो कडेकडेनं येतो. डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो, मागची नस हळूहळू निकामी होत जाते, नजरेचा काठ आधी जातो आणि समोरचं बरेच दिवस नीट दिसत राहतं. सहसा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. उस्तादांना वाटलं मोतीबिंदू असेल. तो काय, पिकला की शिबिरात जाऊन काढू. मोतीबिंदू काढला की दिसू लागतं. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते, आणि उस्तादांकडे निदान होईपर्यंत राखण्याजोगं फार उरलं नव्हतं. (चाळिशी उलटलेल्या वाचकांनी हे वाक्य वाचून झालं की डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. निबंध कुठं पळून जात नाही.)

शेजारच्या टपरीवाल्याला पहिली शंका आली, ती उस्तादांच्या हातून चहा सांडू लागला तेव्हा. गॅरेजमध्ये मात्र काहीच सांडत नव्हतं. हेडचे बोल्ट ठरल्या क्रमानं, मधून बाहेर, आवळले जात होते. टॅपेटच्या फटीत फिलर गेजची पाती घालताना ते पूर्वीसारखेच मान वर करून बसत. ती पाती सैल निघता कामा नये आणि अडकताही कामा नये, किंचित ओढ देत निघाली पाहिजे. ती ओढ काही डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे तिथं डोळे असले काय नि नसले काय. रस्त्याकडे तोंड करून बसायची सवयही कायम होती. फक्त एसटीतून कोण उतरलं, हे ते आता इतरांना विचारू लागले होते. आम्हाला वाटलं, वयाबरोबर चौकसपणा वाढला.

मग नजर पुरती गेली आणि उस्ताद, त्या वयात, पुन्हा शिकायला बसले. गाडीची दुरुस्ती त्यांना येतच होती, पण तिच्यात डोळ्यांनी चोरून किती हात मारला होता, हे आता एकेक करून उघडं पडू लागलं. सगळ्यात मोठी अडचण वायरींची. वायरिंग हा सारा रंगांचा कारभार आणि लाल-हिरव्याचा फरक बोटाला काही केल्या लागत नाही. कालपरवापर्यंत शिव्या खाणारा चेला या एका विषयात त्यांचा गुरू झाला. त्यानं रंग सांगायचा आणि उस्तादांनी त्या वायरीला दोऱ्याच्या गाठी मारायच्या. हॉर्नला एक, हेडलाइटला दोन, असा हिशेब. थोड्याच दिवसांत गावातल्या निम्म्या जीपांच्या पोटात गाठी मारलेले दोरे लोंबू लागले आणि बाहेरगावचा एखादा मिस्त्री बॉनेट उघडून "हा कुणाचा नवस?" म्हणून विचारू लागला. बॅटरीला मात्र चेल्याची गरज पडली नाही. बॅटरीची अधिकची खुंटी उण्याच्या खुंटीपेक्षा किंचित जाड असते. कारखान्यानंच ती तशी केलेली असते, जगभर. आपण आयुष्यभर अधिक-उण्याच्या खुणा वाचत बसतो आणि बोटासाठी वेगळा निरोप तिथं कोरून ठेवलाय, हे आपल्या गावीही नसतं.

असे निरोप मोटारीत ठिकठिकाणी ठेवलेले आहेत. पहिला पिस्टन वर आला की नाही, हे ठरवायला प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्यानं इंजिन हातानं फिरवायचं. दाबाचा वारा अंगठा उचलू लागला की समजायचं, पिस्टन चढतोय. डिझेलची गाडी तीन पायांवर चालल्यासारखी लंगडत असेल, तर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. ज्याचा ढिला केल्यानं आवाजात काडीचाही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. लांब दांड्याचा पेचकस एका टोकानं इंजिनाला आणि मुठीकडून कानाच्या हाडाला लावला, की आतलं कुठलं बेअरिंग रडतंय ते ऐकू येतं. पेचकस लावून ऐकत बसलेले उस्ताद वैद्यबुवांसारखे गंभीर दिसत आणि गाडीचा मालक चेहऱ्यावर तीच काळजी आणून विचारी, "जास्त आहे का हो?" क्लचप्लेट जळाली की वास येतो, ब्रेक धरून राहिले की वेगळा वास, आणि रेडिएटरमधलं कूलंट गळून गरम लोखंडावर पडलं की एक गोडसर वास येतो, बासुंदी लागायच्या बेतात असल्यासारखा. आपण डोळस माणसं काच वर करून एसी लावतो आणि हे सगळे निरोप न वाचता परत पाठवतो.

धोके होते. तापलेला सायलेन्सर, पत्र्याची धार, आणि नव्या गाड्यांतला तो विजेचा पंखा, जो गाडी बंद केल्यावरही मनात येईल तेव्हा फिरू लागतो. उस्तादांनी नियम केला, बॅटरीची खुंटी सोडल्याशिवाय आत हात घालायचा नाही. अनोळखी जागी जायचं तर आधी पालथा हात न्यायचा, तळवा नाही, म्हणजे चटका बसला तर धरायची बोटं वाचतात. हे नियम खरं तर डोळस मिस्त्रींनाही लागू आहेत. ते पाळत नाहीत, म्हणून त्यांच्या बोटांवर इतके डाग.

नट पडण्याचा प्रसंग मला विशेष आवडायचा. कुठल्याही गॅरेजमध्ये नट हातातून निसटला की सगळे खाली वाकतात, मोबाइलचे दिवे लागतात, एकमेकांना टकरा होतात आणि नट तेवढ्यात कुणाच्या तरी चपलेखाली जाऊन बसतो. उस्ताद हात वर करून म्हणत, "हलू नका." शेड क्षणभर गप्प होई. नट आधी चासीवर आपटला, मग जॅकवर, मग जमिनीवरून लोळत डावीकडे. "मागच्या चाकाच्या आतून बघ," ते चेल्याला सांगत, आणि तो तिथं असे.

गावाला हे पचवायला जरा वेळ लागला. न दिसणाऱ्या माणसासाठी आपण दोनच जागा राखून ठेवल्या आहेत, एक देवळाच्या पायरीवर आणि दुसरी व्यासपीठावर. एकतर त्यानं हात पसरावा, नाहीतर त्याच्या ठायी दिव्यत्व तरी असावं. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेल्यावरही १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचून गेले. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात ते योग्यच आहे. पण प्रत्येकानं महाराजच व्हायचं म्हटलं, तर गाड्यांचे ब्रेक कोण बघणार? उस्तादांच्या गॅरेजातही कुणी कुणी नमस्कार करू लागले होते. एका बाईंनी तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवा म्हणून गळ घातली. उस्तादांनी ग्रीसनं माखलेले दोन्ही हात पुढं केले, तेव्हा बाईंची भक्ती जरा मागं सरली.

शिक्षणाचंही असंच. मुंबईत दादरची अंधांची शाळा १९०० मध्ये सुरू झाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ मध्ये, आणि राष्ट्रीय अंध संघटना म्हणजे नॅब १९५२ पासून काम करते आहे. या संस्थांनी हजारो मुलांच्या हाती पोट भरण्याची विद्या दिली, त्यांच्याविषयी वाकडं बोलणारा मी कोण! पण अंधांना पिढ्यान् पिढ्या काय शिकवलं गेलं ते पाहिलं की हसू येतं आणि ते ओठावरच थांबतं. वेताच्या खुर्च्या विणायच्या, ज्यांवर इतरांनी बसायचं. खडू करायचे, ज्यांनी इतरांनी फळ्यावर लिहायचं. आणि मेणबत्त्या! ज्याला उजेडाशी काही देणंघेणं उरलेलं नाही, त्यानं जगासाठी उजेड ओतत बसायचं, ही कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली तो विनोदी लेखक असला पाहिजे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया याच मेणबत्तीचा मोठा उद्योग उभारून बसले, अनेक अंधांना त्यांनी काम दिलं, ती गोष्ट निराळी. त्यांनी विनोद गंभीरपणे घेतला आणि जिंकला. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या. पण लिंबाखालच्या गॅरेजात चेल्याच्या जागेची जाहिरात निघत नाही. तिथं बाप पोराला हाताला धरून आणतो आणि "ह्याला कामाला लावा" म्हणतो, एवढीच भरती.

वास्तविक मोटारीच्या धंद्यात न दिसणारा माणूस नवखा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउन या लहानशा गावात १८९० साली राल्फ टीटर जन्मला. पाचव्या वर्षी चाकूच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. घरच्यांचा यंत्रांचा कारखाना होता आणि घरच्यांनी एक फार मोठी गोष्ट केली, ती म्हणजे त्याला कारखान्यातून बाहेर काढलं नाही. बाराव्या वर्षी चुलतभावाच्या साथीनं त्यानं चालणारी मोटार बनवली. १९१२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून यांत्रिक अभियंता झाला. पहिल्या महायुद्धात आरमारी बोटींच्या टर्बाइनचे रोटर तोलात आणायचं काम त्यानं स्पर्शाच्या जोरावर केलं. पुढं पिस्टनच्या रिंगा करणाऱ्या परफेक्ट सर्कल कंपनीचा तो अध्यक्ष झाला आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचाही. आमच्याकडे गाडी निळा धूर सोडू लागली की "रिंगा गेल्या" म्हणतात. त्या रिंगांच्या धंद्यातला हा बडा माणूस धूर निळा की काळा हे कधी पाहू शकला नाही.

टीटरची खरी गोष्ट पुढंच आहे. तो आपल्या वकिलाबरोबर गाडीतून जायचा. वकीलसाहेब बोलू लागले की गाडी मंदावायची आणि ऐकू लागले की जोरात पळायची. बोलताना पाय सैल पडे, ऐकताना दाबला जाई. शेजारी डोळस पाहुणा असता तर खिडकीबाहेरची कणसं बघत बसला असता. टीटरच्या पोटात मात्र एकेक हिसका मोजला जात होता. गाडीनं ठरल्या वेगानं, वकिलाच्या मर्जीविना चालावं यासाठी त्यानं एक यंत्र काढलं. १९५० मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीनं ते आपल्या गाड्यांत बसवलं. तेच आज क्रूझ कंट्रोल म्हणून ओळखलं जातं. आमच्या गंगाखेड तालुक्यात ते बटण असलेल्या गाड्या आता बऱ्याच आल्या आहेत. पण खड्डा, गतिरोधक आणि म्हैस यांच्यामधून त्याला वाव मिळत नाही. लग्नात मिळालेल्या टायसारखं ते जपून ठेवलेलं असतं.

आणि रस्त्यांचा विषय निघालाच आहे, तर इंग्लंडमधल्या नेअर्सबरोच्या जॉन मेटकाफला विसरून चालणार नाही. १७१७ चा जन्म, सहाव्या वर्षी देवी येऊन दृष्टी गेली. फिडल वाजवली, घोड्यांचा व्यापार केला आणि पन्नाशीच्या आसपास हा गडी चक्क रस्ते बांधू लागला. लांब काठी टेकत, जमीन चाचपत तो आधी सगळी वाट पायी चालून जायचा आणि मग अंदाजपत्रक द्यायचा. सुमारे १८० मैलांचे, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटरचे रस्ते त्यानं केले. दलदल लागली तर झुडपांच्या मोळ्या अंथरून त्यावर भराव घालायचा. आमची काळी माती काही दलदलीहून कमी नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि तिच्या अंगावर घातलेलं डांबर दोन पावसाळ्यांत अंगाबाहेर टाकते. मेटकाफनं काठीनं ठोकून ही माती दहा पावलांत ओळखली असती. आमचे रस्ते डोळसांनी केले, म्हणून जीपांचे कमानपाटे तुटत राहिले आणि उस्तादांची चूल पेटत राहिली.

गिऱ्हाईकं मात्र कुरकुरत आली. "दिसत न्हाई त्याच्या हाती गाडी कशी द्यावी?" असं म्हणणारा माणूस तीच गाडी मोबाइलवर सिनेमा बघत चालवणाऱ्या भाच्याच्या हाती बिनदिक्कत देत असे. गावाचं मत फिरवलं ते भारनियमनानं. त्या वर्षांत आमच्याकडे दिवे असण्यापेक्षा नसण्याचेच तास जास्त होते. संध्याकाळी वीज गेली की बाकीच्या गॅरेजांत पाने खाली ठेवले जायचे आणि उस्तादांच्या शेडमधून मात्र ठोकल्याचा आवाज येत राहायचा. नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेल्या कुणाची जीप रात्री अडली, की लोक पाहुण्याला बिनधास्त तिकडं पाठवू लागले. अंधारात काम करणं आमच्या मुलखाला नवंही नाही. जात्यावर दळणाऱ्या संत जनाबाईच्या गंगाखेडापासून आम्ही काही लांब नाही. पहाटे दिवा न लावता दळायला बसणाऱ्या माझ्या आजीचा हात जात्याच्या तोंडात घास टाकताना कधी चुकला नाही आणि तिला कुणी त्यासाठी नमस्कारही केला नाही.

चाचणीला गाडी चेला चालवायचा आणि उस्ताद शेजारी बसायचे, काच खाली करून, तळवा डॅशबोर्डवर टेकून. "तिसऱ्यात टाक. आता उजवीकडं वळव. वाढला का न्हाई आवाज? मंग डावं बेअरिंग." गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर पडतो आणि तिथलं गेलेलं बेअरिंग जास्त ओरडतं. मुंबईत अंधांसाठी मोटारींच्या रॅली भरतात. त्यात डोळस माणूस गाडी चालवतो आणि शेजारी बसलेला अंध सोबती ब्रेलमध्ये लिहिलेला रस्ता बोटांनी वाचून त्याला सांगतो. चालवणारा निमूटपणे ऐकतो, हे दृश्य आपल्याकडे एरवी दुर्मीळच. उस्तादांची रॅली रोज भरायची, बक्षिसाविना.

नव्या गाड्यांनी पुन्हा काही कोडी घातली आहेत. इंजिनावर प्लास्टिकची झाकणं आली, सेन्सर आले, सगळी दुखणी संगणकाला कळू लागली. पण तो संगणक पडद्यावर जे दाखवतो, ते फोन आता बोलूनही सांगतो. गाडीला एक छोटं यंत्र जोडायचं, ब्लूटूथनं फोनला निरोप जातो आणि फोनमधली बाई कुठलाही भाव आवाजात न आणता म्हणते, "पी शून्य तीन शून्य एक." म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. ज्या निदानासाठी आमची सभा तासभर ओणवी राहायची, ते असं एका ओळीत. उस्ताद त्या बाईवर खूश असत. "ही बघत बसत न्हाई," म्हणत. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची मात्र त्यांना धास्ती होती. त्यांच्या पोटातल्या भारी दाबाच्या विजेची तर होतीच, पण त्या बोलतच नाहीत याची अधिक.

एवढं सगळं जमलं. जमलं नाही ते एकच. उस्तादांचा आवाज चढलेला मी ऐकला तो फक्त फळीसमोर. हात खिळ्याकडे जायचा आणि खिळा मोकळा असायचा. बारा-तेराचा पाना सगळ्यात जास्त लागणारा, म्हणून सगळ्यात जास्त हरवणारा. कधी तो मडगार्डवर असे, कधी चेल्याच्या खिशात, कधी दुरुस्त होऊन गेलेल्या गाडीबरोबर अहमदपूरला पोचलेला. डोळस माणसाला पाना कुठंही ठेवायची मुभा असते, कारण तो नंतर शोधू शकतो. काचबिंदूनं जे अडवलं नाही, ते आमच्या या मुभेनं रोज दहादा अडवलं.

तेव्हा गॅरेजवाल्या मंडळींना एक विनंती आहे. एखादा बाप आपल्या न दिसणाऱ्या पोराला हाताला धरून तुमच्या दारात आला, तर त्याला स्टुलावर बसवून चहा पाजू नका. प्रत्येक नव्या पोराला देता तशी डिझेलमध्ये भिजत टाकलेल्या नट-बोल्टांची परात त्याच्यापुढं सरकवा आणि धुवायला सांगा. चुकला की शिव्याही घाला. आणि बारा-तेराचा पाना वापरून झाला, की त्याच्याच खिळ्याला टांगा.